भरल्या पोटाच्या माश्या

८ जानेवारी, सोमवार

“पोट भरलेलं दिसलं म्हणजे माशी पोसली गेली, असं समजू नका.”

पुरुषोत्तम सर हे नागपूरला, पशुवैद्यक महाविद्यालयाच्या गोठ्यात उभं राहून गोमाश्यांबद्दल बोलले होते. मी तेव्हा विशीत होते आणि माझं सगळं लक्ष चपलेला लागलेल्या शेणाकडे होतं. सरांनी शिकवलेलं बाकीचं बहुतेक विसरले. हे एक वाक्य मात्र आज एडिनबराच्या बसस्टॉपवर, धुक्यात बसचा नंबर दिसतोय का बघताना, अचानक आठवलं. तेही सरांच्याच आवाजात, शेवटचा शब्द जरा ओढून.

आठवायला कारण झालं. सकाळी मोरागने मला आणि अक्षराला तिच्या खोलीत बोलावलं. मोराग आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख. तिने चहा विचारला नाही, तेव्हाच मला कळलं. आमच्या माश्यांसाठी घोड्याचं रक्त पुरवणारे लोक मार्चअखेर पुरवठा बंद करताहेत. तोवर दुसऱ्या कुठल्या जनावराच्या रक्तावर माश्या जगतात आणि वाढतात असं दाखवता आलं तर ठीक. नाहीतर माश्यांची ही वसाहत बंद. थोडे कोष दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेला द्यायचे, उरलेल्या माश्या फ्रीझरमध्ये.

या त्से-त्से माश्या. आफ्रिकेत त्यांच्या चाव्यातून माणसांना झोपेचा आजार होतो, गुरं मरतात. त्यावर संशोधन करणाऱ्यांना त्या लागतात. आमच्या मात्र निरोगी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. त्यांनी आफ्रिका पाहिलेली नाही. रक्ताशिवाय त्या काही खात नाहीत, नर नाही की मादी नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी त्यांना जेवू घालते. गरम पत्र्यावर रक्त पसरायचं, त्यावर सिलिकॉनचा पातळ पडदा, आणि पडद्यावर जाळीचे पिंजरे ठेवायचे. पडदा कातडीसारखा ऊबदार लागला की त्या सोंड खुपसतात. शनिवार-रविवारी कोष उचलायला जावं लागतं. अकरा वर्षं हेच चाललंय, आणि सुट्टी म्हणून सलग तीन दिवस मी कुठे गेलेली नाही.

उदय लंडनला गेला त्याला तीन वर्षं होतील. नोकरी नाही म्हणण्यासारखी नव्हती. तिथल्या पिनर भागात भाड्याने फ्लॅट घेतला. जाताना वेव्हर्ली स्टेशनवर म्हणाला, “तुझ्या माश्या आहेत तोवर तू इथं राहा. मग बघू.” त्यात भांडण असं काही नव्हतं. दोघांच्या सोयीचं होतं.

तो ‘मग’ आता मार्चच्या शेवटी येऊन उभा राहणार. खरं तर मला बरं वाटायला हवं. घरी आल्यावर बराच वेळ कोट न काढताच बसून होते.

१६ जानेवारी, मंगळवार

काल संक्रांत. गुळाच्या पोळ्या केल्या. अर्ध्या अक्षराला, अर्ध्या उदयला.

अक्षरा पिनरचीच, तिथेच जन्मलेली. पीएचडी करायला आमच्याकडे आली तेव्हा तिची आई नंदा फोनवर म्हणाली होती, “अरुणा, तुझ्या भरवशावर पाठवतेय गं. ती पोरगी टोस्टवर जगते.” तेव्हापासून तिचं दुपारचं जेवण माझ्या पिशवीतून येतं.

काल आम्ही प्रयोगाचे पिंजरे लावले. सगळ्या माद्या एकाच वेळी कोषातून निघालेल्या, एकाच वयाच्या. एका गटाला गाईचं रक्त, एकाला डुकराचं, एकाला शेळीचं, आणि तुलनेला उरलंसुरलं घोड्याचं. कोण किती जगतं आणि किती पिल्लं देतं ते बघायचं. अक्षरा रंगीत चिकटपट्ट्या घेऊन बसली होती.

“मावशी, डुक्कर कुठला कलर?”

“गुलाबी. अजून कुठला?”

“सो बेसिक, मावशी.” मग पट्टी दातांनी तोडत म्हणाली, “आजीला सांगितलं मी रोज डुकराचं रक्त गरम करते. ती म्हणते, आंघोळ करून देवाजवळ जात जा. मी म्हटलं, आजी, मी देवाजवळ जातच नाही, सो वी आर गुड.”

आज तिच्या हातात उदयचा डबा दिला. शुक्रवारी ती घरी जातेय. स्टीलचा कडीचा डबा, लग्नात मामींनी दिलेला. झाकणावर ‘उदय–अरुणा’ कोरलंय. माझ्या नावातला णा घासून पुसट झालाय, कारण तिथेच अंगठा लागतो.

“काकाला द्यायचं?” तिने डबा उगाचच फिरवून पाहिला. “काका वीकेंडला घरी नसतो ना, मोस्टली.”

“मग दारात ठेव. थंडीत काही होत नाही पोळ्यांना.”

“नाही नाही. देईन मी. इट्स फाइन.”

काय खातो कोण जाणे. त्याला साधा कुकर लावता येत नाही.

२२ जानेवारी, सोमवार

डबा परत आला, आणि भरून आला! रिकामा डबा परत करायचा नाही हे पिनरमध्ये अजून पाळतात म्हणजे. नारळाच्या वड्या, शंकरपाळ्याच्या आकारात नेमक्या कापलेल्या, प्रत्येकीवर एकेक बेदाणा दाबून बसवलेला. उदय असता तर सगळे बेदाणे माझ्या बशीत आले असते. बेदाणा त्याला तोंडात चालत नाही. शिऱ्यातले, पुलावातले, वीस वर्षं मीच खाल्ले.

नंदाला लगेच फोन केला.

“वड्या पोचल्या गं. इतक्या मऊ कशा जमल्या तुला?”

“कसल्या वड्या?”

“नारळाच्या. डब्यातून पाठवल्यास ना?”

पलीकडे नुसता टीव्हीचा आवाज. मग, “अगं, हो हो. त्या होय! आवडल्या ना? मग झालं तर. तू कशी आहेस ते सांग.”

नंदाला हल्ली आठवत नाही. आमची सगळ्यांचीच वयं होत चालली.

चार वड्या खाल्ल्या. बाकीच्या पुरवून खाईन.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जेवण झाल्यावर चारही गटांचे पिंजरे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. फरक दिसत नाही. गाय, डुक्कर, शेळी, घोडा, सगळ्यांची पोटं सारखीच टम्म, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. शेळीवाल्या तर जरा जास्तच अधाशीपणे प्यायल्या. समोर आलेलं ऊबदार आहे ना, एवढंच त्या बघतात. मिळेल ते पितात आणि जाळीला चिकटून गप्प बसतात, समाधानी माणसांसारख्या.

सरांची आठवण झाली.

४ फेब्रुवारी, रविवार

रविवारी अकराला उदयचा फोन येतो. एक मात्र आहे, तो कधी चुकवत नाही. मी त्याआधी कोष उचलून, घरी येऊन, चहा करून बसते.

हल्ली त्याचा पहिला प्रश्न असतो, “माश्या कशा आहेत?” पूर्वी तो माझ्या कामाचं नाव काढायचा नाही. जेवताना माश्या नकोत म्हणायचा.

आज म्हणाला, “मी थोडं वाचलं त्यावर. डुकराच्या रक्तावर चांगल्या वाढतात म्हणे. तुम्ही करून बघताय ना?”

“बघतोय. गुलाबी पट्टी.”

“नीट बघा. इतक्या वर्षांची तुझी मेहनत आहे. बंद पडता कामा नये, अरुणा.”

किती आतून म्हणाला. तीन वर्षं लांब राहून माणूस जवळ येतो, हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. त्याचा आवाजही छान येतो हल्ली. चहातली साखर सोडलीय, रविवारी चालायला जातो. मी विचारलं, “गुळाच्या पोळ्या कशा झाल्या होत्या?” तो म्हणाला, “मस्त. नेहमीसारख्या.”

मागे कुणीतरी मिक्सर लावला. त्या फ्लॅटच्या भिंती अगदी पातळ आहेत, तो नेहमी सांगतो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

पिल्लं यायला लागली. लिहून ठेवते, नाहीतर कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. ही माशी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला आतल्या आत दूध पाजते. जन्मताना अळी जवळजवळ आईएवढीच वजनाची असते. बाहेर आली की ती काहीच खात नाही. सरपटत आडोशाला जाते आणि तासाभरात काळी, कडक होते. तो कोष. पुढे पंख फुटेपर्यंत आईने पोटात दिलं तेवढ्यावरच निभवायचं.

म्हणून कोषाचं वजन करायचं. आईला काय मिळालं ते तिथे कळतं, तिच्या स्वतःच्या पोटावर कळत नाही.

डुकराचे कोष चांगले वजनदार आहेत. गाईच्या माश्या मजबूत आहेत, कोष किंचित हलके. मोरागने आज पाचवा गट लावायला सांगितला, गाय आणि डुक्कर निम्मं निम्मं. शेळीच्या माद्या जिवंत आहेत सगळ्या. पण त्यांचे कोष तांदळाच्या कणीसारखे, आणि ट्रेमध्ये अर्धवट पडलेल्या अळ्याच जास्त.

आमच्या तक्त्यात त्याला वेगळा रकाना आहे. मी इथे लागले त्या वर्षी तो रकाना मोराग स्वतः भरायची. मी काही सांगितलं नव्हतं तिला. पण इस्पितळातून आल्यावर दुसऱ्यांदा रजा मागितली होती, त्यावरून तिने ओळखलं असावं. आता मीच भरते. हात थांबत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज एक केलं. वाईट नाही, पण अक्षराला सांगितलेलं नाही.

कोष उचलायला गेले होते. खोलीत पंचवीस अंश, बाहेर गारांचा मारा. शेळीच्या पिंजऱ्यातल्या माद्या नेहमीसारख्या जाळीला चिकटून, आणि ट्रेमध्ये पुन्हा दोन अर्धवट. फ्रिजमध्ये घोड्याच्या रक्ताची बाटली होती, तळाशी थोडं उरलेलं. उद्या फेकायचंच होतं.

पत्रा गरम केला. एकदाच. त्या प्यायल्या आणि मी हात धुऊन उदयच्या फोनला घरी आले.

२५ फेब्रुवारी, रविवार

परत दिलं. यापुढे नाही.

६ मार्च, बुधवार

अक्षरा सकाळी उड्या मारत आली. “मावशी! शेळी इज कमिंग बॅक! हा बघ, हा कोष. हा पण. वजन बघ ना!” तिला वाटलं, माद्या हळूहळू शेळीच्या रक्ताला सरावतात. तिच्या प्रबंधात एक नवीन गोष्ट आली असती. ती मोरागला लिहायला बसली होती.

मग सांगावंच लागलं.

तिने आधी माझ्याकडे, मग पिंजऱ्याकडे बघितलं, परत माझ्याकडे.

“का?”

“बघवेना गं.”

“बघवेना? मावशी, बघणं हाच जॉब आहे आपला! तू मला विचारलं का? त्यांना विचारलं का?”

“त्यांना काय विचारायचं, अक्षरा.”

“तुला वाटतं सगळे उपाशी आहेत! मी जेवून आले तरी डबा. माश्यांना डबा. काकाला डबा. काका उपाशी नाहीये, मावशी! तिथे सगळं असतं. दोन-दोन भाज्या असतात!”

आणि तिने तोंडावर हात नेला. हातमोज्याला रक्त होतं, ते ओठाला लागलं. “सॉरी,” म्हणाली. “सॉरी. मला ते नव्हतं म्हणायचं.”

मी तिला ओला टिश्यू दिला. सोमवारचं कोषांचं वजन राहिलं होतं, ते करायला घेतलं.

स्वयंपाकाला बाई लावली असेल त्याने. लावावीच. मला सांगायला हवं होतं, एवढंच.

८ मार्च, शुक्रवार

अक्षराने दुकानातलं सँडविच आणलं. माझ्या डब्यातली तिच्या वाटणीची भाजी मी घरी परत आणली. रात्री तीच खाल्ली.

११ मार्च, सोमवार

मोरागला शुक्रवारीच सांगितलं होतं. ती ओरडत नाही, ते फार अवघड जातं. आज म्हणाली, “अरुणा, गेल्या अकरा वर्षांत तुझ्या हातून एकही पिंजरा उपाशी राहिला नाही. पण या पिंजऱ्याचं काम होतं कमी पडणं. ते तू त्याला करू दिलं नाहीस.” शेळीचे अठरा फेब्रुवारीनंतरचे आकडे काढून टाकले. बाकी प्रयोग शाबूत आहे.

दुपारी अक्षरा येऊन बाकावर बसली. माझा डबा ओढून त्यातली भेंडी खाल्ली, न विचारता.

“यापुढे रविवार मी करणार,” ती म्हणाली. “प्रत्येक संडे. तू जा कुठेतरी.”

“कुठे जाऊ?”

“आय डोन्ट नो. समुद्रावर जा. लोक जातात.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि भेंडीत मीठ कमी आहे.”

मीठ बरोबर होतं.

२७ मार्च, बुधवार

जमलं. गाय आणि डुक्कर, निम्मं निम्मं. माद्या गाईवरच्यांइतक्या जगल्या आणि कोष डुकराच्या तोडीचे. मोरागने प्रौढ माणसाला शोभणार नाही अशी शिट्टी मारली. नवीन पुरवठादार ठरला. वसाहत चालू राहणार.

उदयसाठी रविवारपर्यंत थांबवेना. बसमधूनच फोन केला. तीनदा वाजून मग त्याने उचलला. मागे कुकरची शिट्टी आणि कसलं तरी गाणं.

“राहिल्या,” मी म्हणाले. “माश्या राहिल्या.”

“काय सांगतेस! वा! अगं, वा!” इतकं खूश मी त्याला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या पगारवाढीला नाही, इथलं नागरिकत्व मिळालं तेव्हा नाही. “मग आता काळजी मिटली. आता तू तिथे निवांत राहा.”

“हो,” मी म्हणाले.

“किती वर्षं तरी बघायला नको आता.”

पुढचे दोन स्टॉप ते वाक्य मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. उतरायचा स्टॉप मागे राहिला. परत चालत आले.

२ एप्रिल, मंगळवार

ईस्टरला अक्षरा घरी जाऊन आली, तो एक रविवार मी केला. होळीला करायच्या राहिलेल्या पुरणपोळ्या मी करून ठेवल्या होत्या, पण या वेळी डबा तिच्या हातात द्यायचा धीर नव्हता. तिनेच येऊन मागितला. “दे. नेते मी.”

आज डबा परत आला. वड्या. तशाच नेमक्या कापलेल्या, तसाच एकेक बेदाणा. डबा घासूनही आला होता, नुसता विसळून नाही. चिंचेने किंवा लिंबाने घासावा तसा. कोरलेल्या अक्षरांत बसलेला काळपटपणा पार निघालाय. ‘उदय–अरुणा’ मला चष्म्याशिवाय वाचता आलं.

अक्षरा समोर उभी होती.

“मावशी, मला विचार ना.”

“काय विचारू?”

“काहीही.”

मी तिला एक वडी दिली. तिने घेतली नाही. “मी तिथेच खाल्ली,” म्हणाली, आणि मान खाली घालून पिंजऱ्यांच्या खोलीत गेली.

७ एप्रिल, रविवार

खरोखरच समुद्रावर गेले होते, पोर्टोबेलोला. वारा इतका की कुत्रीसुद्धा मालकांच्या पायांत शिरत होती. बाकावर बसून अकराच्या फोनची वाट पाहिली. आला.

“माश्या कशा आहेत?”

“चांगल्या आहेत. आज अक्षरा बघतेय.” मग मी विचारलं, “वड्या खाल्ल्यास का रे, या वेळच्या?”

“हो, या वेळी चांगल्या झाल्या होत्या. मागच्या वेळी पाक जरा…” तो थांबला.

वारा फोनमध्ये शिरत होता. मला वाटलं, लाइन गेली.

“बेदाणे होते त्यावर,” मी म्हणाले.

“हं.”

“काढून ठेवलेस?”

“नाही गं. खातो आता.” आणि हळू आवाजात, जसं एखादं औषध सुरू केल्याचं सांगावं तसं, “सवय झाली.”

  इकडे पाऊस येईलसं वाटतंय, असं सांगून मी फोन ठेवला. पाऊस नव्हता.

घरी आल्यावर आधीचे सगळे रविवार आठवून पाहिले. मिक्सर. कुकर. त्याचं “नीट बघा, बंद पडता कामा नये.” तो माझ्या माश्यांसाठी वाचत होता, असं मला वाटलं होतं. वाचतच होता, मी इथेच राहावं म्हणून. तीन वर्षं माझ्याही पोटाकडे पाहून कुणी म्हणालं असतं, बाई तृप्त दिसते.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढीला वेताची काठी कुठून आणणार, दरवर्षीप्रमाणे मॉपचा दांडा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, काही वाळत घातलंय का. मी दरवर्षीप्रमाणे हो म्हणाले.

अक्षरा दुपारी जेवायला आली. श्रीखंड चाटून पुसून खाल्लं. तिला मी एकच विचारलं, “चांगली आहे का?”

ती रडायला लागली. “आय वॉन्टेड टु हेट हर, मावशी. पण चांगली आहे. आईने सांगितलं होतं, तू बोलू नको, मोठ्यांचं मोठे बघतील.” नाक पुसून म्हणाली, “मोठे काहीच बघत नाहीत.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नंदाचा राग आला नाही. तीही मला जपतच होती, मी शेळीच्या माद्यांना जपलं तसं.

अक्षराने मग विचारलं, “तू जाणार का तिथे? रविवार मी आहे. सोमवारचं पण करेन.” मी खूप विचार केला. मी गेले तर ते दुसऱ्याच्या घरी पाहुणं म्हणून गेल्यासारखं होईल. दार कोण उघडेल, चहा कोण करेल, मला कुठल्या खुर्चीत बसवतील. ते नको. त्याला इथे, या टेबलाशी बसून सांगू दे. रागावणार नाही मी. मला फक्त माझ्यासमोर कुणीतरी खरं बोललेलं हवंय.

तसं त्याला चिठ्ठीत लिहिलंय, पण तो येणार नाही. उदयला मी ओळखते; अवघड गोष्ट आली की तो फोनवर हवापाण्याचं बोलतो. चिठ्ठी वाचून डबा चार दिवस ओट्यावर ठेवेल, मग ती बाई तो घासून, भरून, अक्षराबरोबर परत पाठवेल. हे मला दिसतंय, तरी लिहिलं.

बेसनाचे लाडू केले. आयुष्यात पहिल्यांदाच उदयच्या लाडवांना बेदाणे लावले. ते डब्यात भरले, वर कागद ठेवला, त्यावर ही चिठ्ठी. उतरवून ठेवते, कारण डबा उद्या जाईल.

‘उदय,

लाडू दोघांसाठी आहेत. वड्या छान असतात असं सांग.

माश्या आहेत आणि राहतील. पण रविवार आता अक्षराने घेतलेत, तेव्हा माश्यांमुळे असं यापुढे तुला म्हणता येणार नाही आणि मलाही नाही.

हा डबा अक्षराकडे देऊ नकोस. एकदाच, तू स्वतः घेऊन ये. आणि त्यात काही घालू नका. रिकामाच आण.’